बाँड कुठे ठेवलेत?

न्यू जर्सीतल्या एडिसनला मराठी मंडळाचा कार्यक्रम असला की नाना भेटणारच. तुम्ही बटाटेवड्याचा घास घेतला की शेजारून प्रश्न येतो, "बाँड कुठे ठेवलेत?" किती घेतलेत, हे नाना चुकूनही विचारत नाहीत.

नानांचा संसार तीन खात्यांचा: निवृत्तीची दोन, फोर-ओ-वन-के आणि रॉथ, आणि तिसरं शेअर-फंडांचं साधं ब्रोकरेज. बाँडच्या व्याजावर पगारासारखाच कर लागतो, म्हणून बाँड फोर-ओ-वन-केमध्ये, जिथे पैसे काढेपर्यंत कर नाही. रीट, म्हणजे इमारतींच्या भाड्यावर चालणाऱ्या कंपन्यांचे शेअर, तेसुद्धा तिथेच. ज्यावर सर्वांत जास्त भिस्त, ते रॉथमध्ये, कारण तिथून म्हातारपणी निघणारा पैसा करमुक्त. साध्या खात्यात इंडेक्स फंड. वर्षाहून जास्त सांभाळला तर नफ्यावर बहुतेकांना 15 टक्क्यांतच सुटका. परदेशी शेअरांचा फंडही इथेच, कारण त्या देशांनी कापलेल्या कराची वळती निवृत्तीच्या खात्यात मिळत नाही. हे शेवटचं नाना आवाज उतरवून सांगतात, गुरूने घराण्याची चीज द्यावी तसं. ज्यांच्या नावाने 1997 च्या कायद्यात रॉथ खातं आलं, त्या सिनेटर विल्यम रॉथांचा फोटो देवघरात नाही, तो केवळ बायकोच्या, म्हणजे माईंच्या धाकामुळे.

वैताग याचा की नानांचा हिशेब बिनचूक असतो. त्यांचं ऐकून दोघातिघांचा कर खरोखरच वाचलाय. पंचाईत होते ती पैसे खर्च करायची वेळ आली की.

गेल्या वर्षी माई म्हणाल्या, "अहो, सोफ्याची स्प्रिंग टोचते. नवा घेऊ या." नानांनी एक्सेल उघडलं. साध्या खात्यातला फंड विकावा, तर नफ्यावर कर. फोर-ओ-वन-केला हात लावावा, तर नाना सत्तावन्न वर्षांचे. साडेएकोणसाठच्या आत पैसे काढले तर कर भरून वर 10 टक्के दंड. रॉथमध्ये भरलेली मुद्दल केव्हाही काढता येते, पण रॉथमधून सोफा? नानांच्या चेहऱ्यावर कुणी कुलदैवत गहाण टाकायला सांगितल्याचा भाव. "अगं, अडीच वर्षांचा तर प्रश्न आहे," ते म्हणाले आणि स्प्रिंगवर उशी ठेवली.

माईंनी स्वतःच्या पगारातून दोन हजार डॉलरचा सोफा मागवला. तो घरात आला तेव्हा नानांनी आधी पावती वाचली. "सेल्स टॅक्स 132 डॉलर 50 सेंट! डेलावेअरला हा टॅक्सच नाही!"

"मग तिकडून आणायचा होता का?"

नाना गप्प झाले. तिकडून आणला तरी न्यू जर्सीत तेवढाच यूज टॅक्स भरावा लागतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! त्यामुळे त्यांना धड चिडताही येईना.