सामाईक फोन, बेवारस उत्तर

घनसावंगीच्या एका बापाला लेकीच्या मायग्रेशन सर्टिफिकेटसाठी विद्यापीठाला फोन लावायचा आहे. पूर्वी फोन एका टेबलावर वाजायचा आणि तो एक जण उचलायचा नाही. आता विद्यापीठात व्हीओआयपी आलं आहे. फोन इंटरनेटवरून चालतो आणि एकच नंबर सात टेबलांवर एकदम वाजतो. आता सात जण उचलत नाहीत. प्रगती म्हणतात ती हीच.

विद्यापीठाचं नाव विचारू नका, ते काल्पनिक आहे. टेबलं मात्र ओळखीची वाटतील.

या प्रकाराला शेअर्ड लाइन म्हणतात. एकाने फोन उचलला की बाकी सहा टेबलांवर लाल दिवा लागतो. होल्डवर टाकलेला कॉल दुसऱ्या कुठल्याही टेबलावरून घेता येतो. एक जण रजेवर असला तरी लोकांचं अडू नये, हा इंजिनियर मंडळींचा भाबडा हेतू. आमचे भाऊसाहेब कॉल होल्डवर टाकून चहाला जातात. दिवा लुकलुकत राहतो. उरलेले सहा जण ‘भाऊसाहेबांचा कॉल दिसतोय’ म्हणत गुणपत्रिकांच्या गठ्ठ्यात डोकं घालतात. घनसावंगीचा बाप तिकडे संगीत ऐकतो.

खरी करामत व्हॉइसमेलची. बापाने निरोप ठेवला की सातही फोनांवर निरोपाचा दिवा पेटतो. कुणीतरी एक जण तो ऐकतो, आणि सातही दिवे एकदम विझतात. सहा जणांना वाटतं, काम झालं. सातव्याला वाटतं, सहा जण आहेत की! बारनिशीत निदान आवक क्रमांक तरी पडायचा.

गावाकडे सामाईक विहिरीला पाळी असते. थोरल्याच्या पाळीत धाकट्याने मोटार लावली तर डोकी फुटतात, कारण पाणी दोघांनाही हवं असतं. फोन कुणालाच नको असतो, म्हणून इथे पाळीही नाही आणि भांडणही नाही. कचेरीत एवढा सलोखा दुसऱ्या कशावरून दिसत नाही.

तशी पाळीची सोय यंत्रणेत आहे. पहिल्याने उचलला नाही तर कॉल दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे. शिवाय कुणी किती कॉल घेतले, किती सोडले, याची नोंद राहते. या शेवटच्या वाक्यामुळेच ती सोय सुरू करण्याची फाइल सात टेबलांवर फिरते आहे.

अमेरिकेत स्ट्रॉजर नावाचे गृहस्थ अंत्यविधीचं सामान पुरवत. ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, या संशयाने त्यांनी स्वयंचलित एक्स्चेंज शोधलं आणि 1891 मध्ये पेटंट मिळवलं, असं सांगतात. त्यांनी मधला माणूस काढला. आमच्याकडे पलीकडचाही काढला.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 मध्ये अधिसूचित सेवेसाठी पदनिर्देशित अधिकारी ठरवून द्यावा लागतो, आणि कारण नसताना सेवा अडवली तर त्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. दंड एका माणसाला होतो, सात टेबलांना नाही. तेव्हा कुलगुरूसाहेब, लाइन खुशाल सामाईक ठेवा, पण रोज ती कुणाची आहे त्याचं नाव दारावर लावा. तोवर जालना जिल्ह्यातल्या पालकांनी फोनवर पैसे घालवू नयेत, सकाळची पहिली एस.टी. धरावी. येताना अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि सही घ्यायला विसरू नये.