रॉजरकाका

रॉजरकाकांना काही विचारलं की आधी सेकंदभर शांतता. मग उत्तर. नवख्याला वाटतं, ऐकू कमी येतं. तसं नाही. काका परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, आहेत. वॉकीटॉकीचं बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोलायची सवय आता हाडात मुरली आहे. "अरे, संच प्रक्षेपणावर जायला आणि पलीकडचा जागा व्हायला वेळ लागतो. तेवढ्यात बोललास की पहिलं अक्षर गेलं. 'अमान्य' म्हणालास तर 'मान्य' पोचतं!" आपल्या लग्नाच्या वेळी नेमकं हेच झालं, असं काकूंचं मत आहे.

काकांचा मोठा संच गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. काका तिसऱ्या मजल्यावर, आरामखुर्चीत. मधे भिंतीवरून सोडलेली टेलिफोनची जुनी वायर. माईकचा आवाज वर न्यायचा, स्पीकरचा खाली आणायचा. सोपं काम! पहिल्याच दिवशी स्पीकरमधून फक्त 'हूंऽऽऽ'. गच्चीचं अर्थिंग वेगळं, घरातलं वेगळं. दोन्हींमधून 50 हर्ट्झची मेन्सची घुरघुर वायरीत शिरलेली. काकांनी भंगारातल्या मोडेममधून बोटाच्या पेराएवढा 600 ओहमचा ट्रान्सफॉर्मर काढून मधे बसवला. घुरघुर बंद. "बघ, इकडची तार तिकडच्या तारेला शिवतसुद्धा नाही, तरी निरोप पोचतो." काकू आतून म्हणाल्या, "अबोल्यात आपलं असंच चालतं. ट्रान्सफॉर्मरच्या जागी शेजारचा बंड्या."

मग बटण दाबायचाही कंटाळा आला. काकांनी 'व्हॉक्स' लावला, म्हणजे आवाज झाला की संच आपोआप प्रक्षेपणावर. यंत्राला आवाज कळतो, कोणाचा ते कळत नाही. कुकरची शिट्टी झाली की गच्चीवरचा संच 145 मेगाहर्ट्झवर ती इमानेइतबारे सोडू लागला. काकूंची तूरडाळ किती शिट्ट्यांत शिजते हे पंचक्रोशीतल्या हॅमना पाठ झालं. एकाने तर "चौथी राहिली, ओव्हर" अशी आठवणही केली. त्या संध्याकाळी व्हॉक्स निघाला.

ही कीर्ती ऐकून सोसायटीचे सेक्रेटरी आले. पाण्याचा पंप वॉकीटॉकीवरून चालू करता येईल का? काका ताडकन उठले. "हौशी रेडिओचा परवाना पंप चालवायला नसतो!" नियमाच्या बाबतीत काका कडक. मात्र तारेवरून करायला कायद्याची हरकत नव्हती, आणि काकांची तर मुळीच नव्हती.

तीन रविवार खपून यंत्रणा उभी राहिली. काका घरातल्या जुन्या फोनचा 5 दाबणार. त्या एका बटणातून 770 आणि 1336 हर्ट्झ असे दोन सूर एकदम निघतात. एकच सूर ठेवला असता तर कोणाच्याही शिट्टीने पंप सुरू झाला असता, हे काका काकूंकडे न बघता म्हणाले. पंपखोलीतली 8870 नावाची चिप ती जोडी ओळखणार, रिले 'टक्' करणार, पंप सुरू. त्या चिपला लागणारा 3.579545 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल मुळात अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीसाठी ठरलेला. "म्हणजे आपली टाकी अमेरिकन टीव्हीच्या ठोक्यावर भरते," हे काकांनी सर्वसाधारण सभेत सांगितलं. सभेने चहा मागवला.

काकांचं खरं तत्त्व पुढे आहे. "हुकूम सोडला म्हणजे काम झालं असं नाही. उलट निरोप आला पाहिजे." म्हणून रिले लागला की तारेवरून दोन 'पीप' परत यायचे. उद्घाटनाला काकांनी 5 दाबला. पीप, पीप. "रॉजर!" टाळ्या झाल्या. तासाभराने सगळ्या मजल्यांवरून ओरडा: नळाला पाणी नाही!

काका पंपखोलीत धावले. रिले बॅटरीवर, तो लागलेला. पंप मेन्सवर, आणि त्याचा एक फेज गेलेला. पीप खरे होते. ते फक्त रिलेचे होते, पाण्याचे नव्हते. काका बराच वेळ गप्प बसले. यावेळी सेकंदापेक्षा जास्त. मग म्हणाले, "चूक माझी. निकाल विचारायचा तो कामाला विचारावा, कारकुनाला नव्हे."

पुढच्या रविवारी त्यांनी टाकीत फ्लोट स्विच सोडला. आता पाणी खरोखर चढलं तरच पीप येतात. यंत्रणा आजतागायत बिनचूक चालू आहे, आणि काकांइतकं मन लावून या इमारतीचं काम दुसऱ्या कोणी केलेलं नाही.

पंपाचं साधं बटण लिफ्टच्या दारापासून अकरा पावलांवर आहे. काकू येता-जाता तेच दाबतात.