पाहुणे आंघोळीला गेलेत

पाहुणा वेळेवर न आल्यामुळे यजमानाच्या जिवाला घोर लागल्याचं एक फार जुनं प्रकरण बार्शीकर आपल्या गावाच्या नावावर सांगतात. यजमान अंबरीष राजा, पाहुणा दुर्वास ऋषी. भागवताच्या नवव्या स्कंधात सगळी हकीकत आहे. राजाचं एकादशीचं व्रत, द्वादशीला पारणं सोडायचं. नेमके दुर्वास दारात. जेवणाचं आमंत्रण त्यांनी घेतलं आणि नदीवर आंघोळीला गेले. गेले ते गेलेच. इकडे द्वादशी संपत आली. पाहुण्याआधी जेवावं तर पाहुण्याचा अपमान, न जेवावं तर व्रतभंग. राजानं मधला मार्ग म्हणून घोटभर पाणी घेतलं, आणि ऋषी तेवढंच हेरून संतापले. पुढे विष्णूचं सुदर्शन चक्र ऋषींच्याच मागे लागलं. तिन्ही लोक पालथे घालून ते अखेर राजाकडेच आले. यात वर्ष उलटलं होतं आणि राजा तोवर जेवलेला नव्हता. त्यानं काय करावं? आधी पाहुण्याला पोटभर जेवू घातलं.

या भक्तासाठी धावून आलेल्या भगवंताचं मंदिर बार्शीत आहे. पंढरपूरला एकादशी करून द्वादशी सोडायला बार्शीला येण्याची जुनी रीत आहे. सहल कंपन्यांच्या व्यवस्थापकांना नारळ फोडायचा असेल, तर याहून योग्य देवस्थान सापडणार नाही.

या धंद्यातली एक खास जात विलायतेत आहे: रग्बीच्या चाहत्यांना परदेशी सामन्यांना घेऊन जाणाऱ्या कंपन्यांचे यजमान. रग्बी हा लांबट चेंडूचा खेळ. चेंडू हातानं पुढे टाकायचा नाही, मागच्या गड्याकडेच द्यायचा आणि तरी सगळ्यांनी मिळून पुढे सरकायचं. आपल्याकडच्या बऱ्याच संस्था याच तत्त्वावर चालतात. अशा सहलीचा यजमान म्हणून पुष्कळदा निवृत्त खेळाडूच नेमतात. धसमुसळ्या खेळानं त्याच्या कानांचा आकार कायमचा बदललेला असतो. सामन्याआधी त्यानं जाणकार अंदाज द्यायचा, सामन्यानंतर तो का चुकला हे समजावायचं, आणि रात्री आपल्या काळातला किस्सा जणू आजच आठवला अशा थाटात सांगायचा. तिकिटं, बस आणि खोल्यांच्या किल्ल्या यांच्याशी झुंजायला निराळा माणूस असतो. त्याचे कान शाबूत असतात, पण दिवसभर किटलेले.

यातला सगळ्यात मोठा सोहळा म्हणजे ब्रिटिश अँड आयरिश लायन्स या संघाचा दौरा. दर चार वर्षांनी, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका असा आळीपाळीनं. म्हणजे एका देशाची पाळी येते बारा वर्षांनी. २०२५ साली ऑस्ट्रेलियाची होती. लाल जर्सी घातलेल्या हजारो चाहत्यांना खाऊ-पिऊ घालायचं, झोपवायचं आणि मुख्य म्हणजे सामन्याच्या वेळी उठवायचं, हे गणित नाशिककरांना समजावून सांगायला नको.

या मंडळींना पाहुणचाराचं महत्त्व किती, याचा पुरावा आपल्याच देशात घडला. १८७३ साली कलकत्त्याच्या इंग्रजांनी रग्बीचा क्लब काढला. बारमध्ये दारू फुकट होती तोवर सभासदांची कमी नव्हती. ती सोय बंद झाली आणि खेळप्रेम ओसरलं. दुसरीही कारणं होतीच, पण हे पटायला सोपं आहे. क्लब मोडताना बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली आणि ते २७० रुपये वितळवून चषक केला. त्याचे दांडे नागाचे, झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड त्या कलकत्ता कपासाठी आजही एकमेकांना लोळवतात.

बार्शीलाही असा एक साहेब लाभला, पण तो कामाचा निघाला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यानं १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे आणली. १९०६ साली ती पंढरपूरला पोचली आणि वारकऱ्यांनी ती अशी भरून टाकली, की डब्यापेक्षा टपावर ऐसपैस वाटावं. याच कॅलथ्रॉपनं पुढे विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी ‘गार्डियन एंजल’ नावाची हवाई छत्री तयार केली. पंढरपूरच्या गाडीची गर्दी पाहून त्याला ती सुचली, असं म्हणायला काहीही आधार नाही.

आता बार्शीतून काशी-प्रयागला बसगाडी निघते तेव्हा तिच्याबरोबर ना निवृत्त खेळाडू असतो ना देवदूत. असतो तो टूरवाला. गळ्यात शिट्टी, खिशात औषधाच्या गोळ्या, डिकीत गॅसच्या शेगड्या, आचारी मागच्या सीटवर झोपलेला. शेंगाचटणीचे डबे ज्याचे त्याच्या मांडीवर, कारण डिकीवर कुणाचाच विश्वास नाही. प्रयागच्या घाटाजवळ सकाळी गाडी सुरू करून तो माणसं मोजतो. एक कमी.

“कोण राहिलं?”

“आक्का.”

“कुठं गेल्या?”

“आंघुळीला.”

“अवो, आत्ता तर केली की त्यांनी!”

“ती गंगंची. ही साबणाची हाय.”

टूरवाला शिट्टी खिशात ठेवतो आणि चहा सांगतो. दुर्वासांपासून या धंद्याचं वेळापत्रक फारसं सुधारलेलं नाही. आक्का तासाभरानं येतात आणि गाडीत पाय ठेवताच विचारतात, “थांबलो का आपण?”

हिशेबानं पाहिलं तर चाहत्यांच्या घोळक्याला सांभाळण्याची विद्या विलायतेपेक्षा वारीत मुरलेली आहे. आळंदीहून निघणाऱ्या माऊलींच्या पालखीत शेकडो दिंड्या असतात; प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला, जागा ठरलेली. मुक्कामी समाज आरतीच्या वेळी चोपदार हातातला चोप उंच करतो आणि इतका वेळ दणाणणारे टाळ एकदम थांबतात. ध्वनिक्षेपकावरून “शांतता राखा” असं ओरडणाऱ्या पुढाऱ्यांनी ते एकदा पाहून यावं.

पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर तिचे टाळ थांबत नाहीत. सगळ्या शांततेत तेवढेच खणखणत राहतात. मग चोपदार तिथं जातो, काय झालं ते विचारतो आणि निवाडा होतो. रग्बीच्या दौऱ्यावरचा चाहता ‘हॉटेल मैदानापासून लांब होतं’ अशी तक्रार घरी पोचल्यावर ई-मेलनं करतो आणि उत्तरासाठी पुढचा हंगाम येईपर्यंत थांबतो. त्याच्या कंपनीनं टाळांची एक जोडी मागवायला हरकत नाही. तक्रारी निपटल्या की कुणाचं काय हरवलं, काय सापडलं ते पुकारलं जातं आणि उद्या निघायची वेळ सांगितली जाते. ती पहाटेची असते. तिच्याविरुद्ध टाळ वाजवायची सोय नाही.