येताना खालून

इंटरव्ह्यूला आलेल्या पोराला ‘मिडलवेअर म्हणजे काय?’ असं विचारलं की तो एका दमात सांगतो, ‘रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्सच्या मधला थर.’ उत्तर शंभर टक्के बरोबर असतं आणि त्यातून काही म्हणता काही कळत नाही. टेबलाच्या अलीकडे बसलेले आम्हीही आमच्या वेळी हेच उत्तर देऊन नोकरीला लागलेलो असतो, त्यामुळे खोलात कुणी शिरत नाही. पुढचा प्रश्न नोटीस पिरियडचा.

मिडलवेअर हा एक डिझाइन पॅटर्न, आणि डिझाइन पॅटर्न नावाच्या प्रकरणाचं पहिल्यापासून हे असंच चाललं आहे. मुळात ही कल्पना संगणकवाल्यांची नव्हेच, घरं बांधणाऱ्यांची. ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुरचनाकारानं सहकाऱ्यांबरोबर 1977 साली एक जाडजूड ग्रंथ काढला आणि त्यात इमारतींचे, गल्ल्यांचे, खोल्यांचे 253 पॅटर्न मांडले. सहा फुटांपेक्षा कमी खोल बाल्कनी कुणी वापरत नाही, हा त्यातलाच एक. (आमच्या बिल्डरच्या हाती हा ग्रंथ पडलेला दिसत नाही. आमच्या बाल्कनीत वॉशिंग मशीन तेवढं सुखानं राहतं.) पुढे 1994 साली गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीज या चौघांनी सॉफ्टवेअरमधले 23 पॅटर्न पुस्तकात बसवले. अडचण काय आणि तोडगा काय, हे त्यांनीही इमानानं लिहिलं होतं. वाचणाऱ्यांनी मात्र नावं पाठ केली आणि अडचणी सोडून दिल्या.

मिडलवेअरची अडचण पाहायची तर जँगोच्या घरात जावं. पायथनमधलं हे वेब फ्रेमवर्क अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्राच्या वेब विभागात जन्मलं. एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी 2003 च्या सुमारास ते बांधायला घेतलं आणि 2005 मध्ये ते जगासाठी खुलं झालं. नाव जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचं. बातमीची वेळ टळू नये म्हणून झटणाऱ्या माणसांनी बनवलेलं असल्यामुळे त्यात फाफटपसारा कमी आणि ‘हे आम्ही आधीच करून ठेवलंय’ जास्त.

जँगोचा नवा प्रकल्प सुरू केला की सेटिंग्जच्या फाइलमध्ये मिडलवेअरची एक यादी आयती मिळते. सिक्युरिटी, सेशन, कॉमन, सीएसआरएफ, ऑथेंटिकेशन, मेसेज आणि शेवटी एक्स-फ्रेम-ऑप्शन्स. एकाखाली एक अशा 7 ओळी. वरून खाली वाचल्या की वाटतं, कळलं! रिक्वेस्ट आली. सिक्युरिटीनं पाहिलं, साध्या एचटीटीपीवरून आली असेल आणि तशी सेटिंग असेल तर तिथूनच एचटीटीपीएसकडे पाठवली. मग सेशननं कुकी उघडून ओळखपाळख काढली. त्या ओळखीवरून ऑथेंटिकेशननं माणूस कोण ते ठरवलं. इथे क्रम उघडच आहे, सेशन आधी आणि ऑथेंटिकेशन नंतर. सेशनला यादीतून काढून टाका, जँगो कामच थांबवतो आणि कोणती ओळ कोणत्या ओळीच्या आधी घाल, हे पूर्ण नावानिशी लांबलचक सुनावतो. घरातल्या मोठ्या माणसांच्या सुनावण्यात इतकी नेमकी माहिती क्वचितच असते.

इथवर सगळ्यांना कळतं. इथेच सगळे थांबतात.

आमच्या टीममध्ये नव्यानं आलेली एक मुलगी थांबली नाही. कॅशिंगचं दस्तऐवज वाचत बसली होती. ती माझ्याकडे वळून म्हणाली, ‘सर, यांनी उलटं लिहिलंय.’ संपूर्ण साइट कॅशमध्ये ठेवायची तर जँगोत दोन मिडलवेअर लागतात. एक तयार पान कॅशमध्ये ठेवणारं, दुसरं कॅशमधून काढणारं. साध्या बुद्धीला वाटतं, आधी आहे का बघावं, नसेल तर बनवून ठेवावं. म्हणून बघणारं यादीत वर आणि ठेवणारं खाली. दस्तऐवजात नेमकं उलटं आहे. ठेवणारं सगळ्यात वर, काढणारं सगळ्यात खाली. वर लेखकांनी खुलासाही केला आहे की ही लिहिण्यातली चूक नाही. किती जणांनी ‘तुमचं चुकलंय’ म्हणून कळवल्यावर त्यांनी ते वाक्य घातलं असेल, याची कल्पना करावी.

मी तिला म्हटलं, ‘दोन रिकामी मिडलवेअर लिही. आत जाताना एक ओळ छापायची, बाहेर येताना एक. एकाचं नाव अ, दुसऱ्याचं ब. पान बनवणाऱ्या व्ह्यूमध्येही एक ओळ छाप.’ पाच-सात ओळींचं काम. मिडलवेअर म्हणजे एक फंक्शन. त्याला गेट-रिस्पॉन्स नावाचं दुसरं फंक्शन मिळतं आणि ते तिसरंच फंक्शन परत करतं. त्या तिसऱ्याच्या पोटात एक ओळ महत्त्वाची: गेट-रिस्पॉन्सला रिक्वेस्ट द्या, जे मिळेल ते रिस्पॉन्समध्ये ठेवा. त्या ओळीच्या वर लिहिलेलं जाताना घडतं, खाली लिहिलेलं येताना. तिनं सर्व्हर चालू केला, ब्राउझरमध्ये पान उघडलं आणि टर्मिनलवर ओळी उमटल्या. अ आत. ब आत. व्ह्यू. ब बाहेर. अ बाहेर.

ती पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे यादी दोनदा वाचायची! येताना खालून.’

एवढंच आहे ते. यादी एकदा लिहायची आणि दोनदा वाचायची, दुसऱ्यांदा उलटी. पान ठेवणारं मिडलवेअर येताना काम करतं आणि सगळ्यांचे हात लागून झाल्यावरचं पान त्याला ठेवायचं असतं, म्हणून ते सगळ्यात वर. काढणारं जाताना काम करतं, व्ह्यूच्या अगदी उंबऱ्यावर, म्हणून सगळ्यात खाली. पान आकुंचित करणाऱ्या जीझिप मिडलवेअरचंही तेच. मजकुरात ज्यांना काही वाचायचं-लिहायचं आहे त्या सगळ्यांच्या ते वर हवं, कारण एकदा मजकूर दाबून गठ्ठा बांधला की मग कुणी त्यात काही वाचायला-लिहायला जाऊ नये. शेवटी करायचं काम यादीत सुरुवातीला लिहायचं, हे मनाला पटायला वेळ लागतो. आपलं सगळं लक्ष जाण्याकडे असतं. रिक्वेस्ट कुठून आली, कोणी अडवली, कोणी सोडली, याच्या आकृत्या फळ्यावर काढल्या जातात. परतीचा बाण शेवटी घाईघाईनं, तोही तुटक रेघेचा. खरी कामं मात्र परतीला होत असतात: सेशन बदललं असेल तर ते साठवणं, कुकी ठेवणं, हेडर लावणं, दुसऱ्या कुणी आपलं पान आपल्या चौकटीत बसवू नये याची तजवीज करणं.

जँगोवाल्यांनी याला कांद्याची उपमा दिली आहे. प्रत्येक मिडलवेअर म्हणजे एक पापुद्रा आणि मधोमध व्ह्यू. एरवी तांत्रिक लेखनातल्या उपमा दोन वाक्यांत दम तोडतात, ही टिकते. सुरी आरपार घाला: आत जाताना बाहेरचा पापुद्रा पहिला, पलीकडून निघताना तोच शेवटचा. आणि आतल्या कोणा थरात एरर उद्भवलीच तर ती तशीच्या तशी बाहेरच्या थरावर जाऊन आदळत नाही. मध्येच तिचं रीतसर 404 किंवा 500 च्या रिस्पॉन्समध्ये रूपांतर होतं. हे रूपांतर करणारी व्यवस्था म्हणजे कांद्याच्या दोन पापुद्र्यांमधला तो पातळ पडदा, असं दस्तऐवज म्हणतं. ज्यानं हे लिहिलं त्यानं कांदा नक्की स्वतः चिरलेला आहे. नाशिककडच्या माणसानंही मान डोलवावी.

या थरांचा मला आवडणारा गुण म्हणजे त्यांचं अज्ञान. गेट-रिस्पॉन्स म्हणून आपल्या हाती दिलंय तो खरा व्ह्यू आहे की आणखी एक थर, हे कोणत्याही थराला माहीत नसतं आणि त्याला त्याची फिकीरही नसते. पायथनच्या जगात 2003 साली वेब सर्व्हर आणि अ‍ॅप्लिकेशन यांना जोडणाऱ्या डब्ल्यूएसजीआयचा प्रस्ताव आला, तेव्हाच मिडलवेअरचा हा दुहेरी संसार मांडला गेला होता: सर्व्हरसमोर अ‍ॅप्लिकेशन म्हणून उभं राहायचं आणि अ‍ॅप्लिकेशनसमोर सर्व्हर म्हणून. साखळी बांधताना जँगो यादी उलटी वाचतो, आधी सगळ्यात आतला थर आणि त्याच्यावर पुढचा. असं गुंडाळत गुंडाळत बाहेर येतो, तेही सर्व्हर सुरू होताना एकदाच.

जँगोला हे पहिल्या दिवसापासून साधलेलं नव्हतं. आधीच्या पद्धतीत जाण्याची आणि येण्याची कामं वेगवेगळ्या मेथडमध्ये लिहायची असत. पहिल्याच थरानं रिक्वेस्ट परत पाठवली तरी रिस्पॉन्स निघताना सगळ्या थरांना भेटून जायचा, ज्यांनी रिक्वेस्टचं तोंडही पाहिलं नव्हतं त्यांनासुद्धा. ते बिचारे आपण मघाशी तिला चिकटवलेली चिठ्ठी शोधायचे. चिठ्ठी कुठली असायला? रिक्वेस्ट त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. मग एरर. ऑगस्ट 2016 मधल्या 1.10 आवृत्तीत हे बदललं. ज्या थरांतून आत गेलात त्यांतूनच बाहेर या, असा नियम झाला आणि सेटिंगचं नावही सुटसुटीत झालं. इतकी उघड गोष्ट जमायला 10 वर्षांच्या वर गेली. म्हणून नव्या पोरांना ती दहा मिनिटांत कळावी असा हट्ट मी धरत नाही.

यादी मात्र वाढतच जाते. आमच्या एका जुन्या प्रकल्पात ती स्क्रोल करून पाहावी लागते. कोणी, कधी, कशासाठी थर घातला हे सांगणारी माणसं केव्हाच दुसऱ्या कंपन्यांत पोचली. एका ओळीशेजारी नुसतं ‘काढू नये’ असं लिहिलं आहे, खाली सही नाही. आणि गंमत म्हणजे जँगोनं यावरही सोय करून ठेवली आहे. सर्व्हर सुरू होताना एखादा थर ‘मिडलवेअर-नॉट-यूज्ड’ असं म्हणू शकतो, म्हणजे ‘माझी इथे गरज नाही’. जँगो त्याला निमूटपणे साखळीतून वगळतो आणि डीबग चालू असेल तर लॉगमध्ये तशी नोंद करतो. वाद नाही, निरोप समारंभ नाही. असं स्वतःहून म्हणणारा एखादा थर आमच्या त्या यादीत आहे का, हे मी परवा वरून खाली पाहिलं. मग खालून वरही पाहिलं. एकही नाही.