घडणावळ शून्य

माझ्याकडे गाडी नाही. गाडीच्या दरवाजांची हँडलं आहेत, तिन्ही डाव्या बाजूची. हॉर्नच्या रिंगसकट एक स्टीअरिंग आहे. हेडलाइटच्या दोन रिंगा, ग्लोव्ह बॉक्सचं झाकण, मागच्या सीटवरच्यांसाठी असायची ती राखदाणी आणि काळ्यापिवळ्या टॅक्सीचा लोखंडी मीटर, एवढा ऐवज आहे. सगळा प्रीमियर पद्मिनीचा किंवा तिच्या पूर्वजांचा. लोक आधी अख्खी गाडी घेतात आणि मग तिचे एकेक भाग सुटे होत जातात. माझं काम उलट्या टोकाने चाललंय, एवढाच फरक.

बायको बँकेत सोनेतारण कर्जाच्या टेबलावर बसते. दिवसभर पाटल्या, बांगड्या आणि वडिलोपार्जित वाकी यांच्यासमोर निर्विकार चेहरा ठेवायची तिला सवय आहे. मी घरी काही आणलं की तिचे तीन प्रश्न ठरलेले: वजन किती, कस किती आणि उद्या विकायला काढलं तर किती येतील? घडणावळ ती शून्य धरते. या हिशेबाने माझ्या आजवरच्या संग्रहावर कर्ज काढलं, तर त्यात स्टेशनपर्यंतचं रिक्षाभाडं निघेल, परतीचं नाही.

तिची चूक नाही. भंगारवाल्याचा तराजू आणि शौकिनाचा तराजू हे दोन वेगळे धर्म आहेत. भंगारवाला विचारतो, लोखंड की पितळ? शौकीन विचारतो, कंपनी फिटिंग की नंतर बसवलेलं? जुन्या बाजारात मालाच्या पायऱ्या असतात. सगळ्यांत खाली भंगार. त्यावर चालू माल, म्हणजे दिसायला तसाच पण कालच कुठेतरी ओतलेला. त्यावर गाडीतून काढलेला ओरिजिनल. आणि सगळ्यांच्या डोक्यावर 'डेड स्टॉक': कंपनीच्या खोक्यात, तेलकट कागदात गुंडाळलेला, कुठल्याही गाडीला कधीच न लागलेला पार्ट. ज्याने जन्मात एक दिवस काम केलं नाही त्याला सर्वांत जास्त भाव, हे तत्त्व माझ्या ऑफिसात मी पूर्वीच पाहिलं होतं. पण तिथे त्याला डेड स्टॉक न म्हणता साहेब म्हणतात. बाजारात त्या रिकाम्या खोक्यालाही वेगळी किंमत असते. एका गृहस्थांकडे अशी खोकी आहेत, आत काही नाही. ते आमच्यापेक्षा वरच्या दर्जाचे संग्राहक समजले जातात.

पद्मिनीचं, म्हणजे फियाटचं म्हणाल, तर ही गाडी जन्माला आली कुर्ल्यात आणि सुटी झाली तीही बहुतेक कुर्ल्यातच. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना टाकला; तिथून थोड्या अंतरावर सीएसटी रोडला आजही गाड्या सोलायची दुकानं आहेत. आधी डॉज, डिसोटो, प्लिमथ या अमेरिकन धुडांची जुळणी झाली, मग इटलीची फियाट आली. गोलमटोल जुन्या मॉडेलला लोकांनी 'डुक्कर फियाट' म्हटलं. 1964 मध्ये डिलाइट आली, सत्तरीच्या सुरुवातीला तिची प्रेसिडेंट झाली आणि 1974 पासून पद्मिनी. लग्न होईल तसं मुलीचं नाव बदलावं, पण नाक-डोळे तेच राहावेत, तसा हा प्रकार. बदललं ते मुख्यतः मागचं-पुढचं नाव. म्हणून आता भाव आहे तो त्या नावाच्या पट्टीला. पद्मिनी लिहिलेली पट्टी टोपलीतून उपसून देतात. डिलाइटची असेल तर ती फडक्यात गुंडाळलेली असते आणि दुकानदार आधी आजूबाजूला बघतो. आणि जिला आपण चारचौघांत डुक्कर म्हणालो, तिच्या ग्रिलसाठी आज माणसं कोल्हापूरहून रात्रीची बस पकडून येतात.

मुंबईत या गाडीची टॅक्सी झाली आणि तिने अर्धं शतक उतारू वाहिले. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 2003 मधली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे 2023 च्या ऑक्टोबरमध्ये ती रस्त्यावरून गेली. त्या आठवड्यात पेपरांतून जे हळहळले, त्यांतल्या निम्म्यांनी टॅक्सीवाल्याने भाडं नाकारलं म्हणून तिला शिव्या घातलेल्या होत्या. गाड्या रस्त्यावर हजारोंनी होत्या तेव्हा राखदाणी कोणी जपली नाही. मीसुद्धा नाही. मी तिच्यात शेंगांची टरफलं टाकत असे.

मीटर मात्र मी वेळेत मिळवला. हा यांत्रिक मीटर टॅक्सीच्या बाहेर, पुढे डाव्या अंगाला बसवलेला असे. त्याचा आकडा खरा नसायचा. शेजारी भाड्याचं कार्ड ठेवून खरा आकडा काढावा लागे. माझ्यालेखी ही मुंबईची अस्सल स्मृती. तो हॉलमध्ये टांगल्यापासून आमच्याकडे नवीनच रीत पडली. मी रविवारी सकाळी "जरा बाजारात जाऊन येतो" म्हटलं की बायको काही बोलत नाही, फक्त मीटरचा झेंडा खाली पाडते. संध्याकाळी मी परतलो की कार्ड माझ्या हातात.

बाजार म्हणजे मुख्यतः मुंबईत मटण स्ट्रीट आणि भोवतालच्या गल्ल्या. पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार. तिथला पहिला नियम, हवी असलेली वस्तू बघायची नाही. आधी शेजारच्या कंदिलाचा भाव विचारायचा, मग ग्रामोफोनच्या कर्ण्याचा, आणि जाता जाता सहज, "हे काय हो?" मी हे नाटक इतकं बेमालूम करतो की मलाच कधीकधी कंदील हवासा वाटतो. मटण स्ट्रीटवरचे माझे नेहमीचे दुकानदार, चाचा, दाढीवरून हात फिरवत सगळं ऐकून घेतात आणि म्हणतात, "सेठ, लालटेन छोड़ो. फियाट का आज कुछ नहीं आया."

त्यांच्याकडच्या प्रत्येक वस्तूला वंशावळ आहे. रबरी फुग्याचा पितळी भोंपू असेल, तर तो 'चलती का नाम गाडी'मधलाच असतो. ते चित्र 1958 चं. मी एका सकाळी त्याच दुकानात असे पाच भोंपू शेजारी शेजारी पाहिले, तेव्हा चाचा म्हणाले, "गाना लंबा था."

तीच गोष्ट परीची. रोल्स-रॉइसच्या रेडिएटरवर पुढे झुकलेली, वाऱ्यावर वस्त्र उडणारी जी बाई असते, ती चार्ल्स साइक्स या शिल्पकाराने 1911 साली घडवली. जुन्या काळी रेडिएटरचं झाकण गाडीच्या नाकावर उघड्यावर असे, म्हणून त्यावर काहीतरी शोभेचं बसवायची हौस निघाली. फ्रान्सच्या रेने लालिकने तर सिट्रोएनसाठी 1925 मध्ये काचेचे पाच घोडे केले. साइक्सच्या सुरुवातीच्या पऱ्यांच्या तळाला त्याची सही असते. मटण स्ट्रीटवरच्या परीच्या तळालाही असते, फक्त दर दुकानात स्पेलिंग वेगळं. तिथे एकूण जेवढ्या पऱ्या मांडलेल्या आहेत, तेवढ्या गाड्या त्या कंपनीने केल्या असत्या तर आज चाळीत रोल्स-रॉइस असती.

खरा कस लागतो तो इनॅमलच्या पाट्यांना. पेट्रोल पंपावर असायच्या त्या: बर्मा शेल, कॅल्टेक्स, एसो. लोखंडी पत्र्यावर काचेची पूड पसरून ती भट्टीत वितळवायची, दर रंगाला पुन्हा भट्टी. म्हणून खऱ्या पाटीवर नख फिरवलं की एका रंगावरून दुसऱ्यावर चढताना पायरी लागते. नकली पाटी छापलेली, नख सरळ घसरतं. गंजही तपासायचा. खरा गंज स्क्रूच्या भोकाभोवती आणि कडेला टवका उडालेल्या जागी धरतो, कारण स्क्रू आवळताना काच तडकते. नकली पाटीवर गंज जिथे शोभून दिसेल तिथे असतो. तो मिठाच्या पाण्याने किंवा अ‍ॅसिडने आणतात. आणि इतिहास ठाऊक असला तर अर्धं काम तिथेच होतं. एसो 1974 मध्ये सरकारजमा होऊन हिंदुस्तान पेट्रोलियम झाली, बर्मा शेल 1976 मध्ये सरकारजमा होऊन पुढे भारत पेट्रोलियम झाली. त्यामुळे एकाने मला खास 1985 सालची बर्मा शेलची पाटी दाखवली, तेव्हा मी ती केवळ आदरापोटी हातात घेतली.

आम्हा शौकिनांत पैशाचा व्यवहार कमी, अदलाबदल जास्त. पैसा मधे नसला की दोघांनाही आपण समोरच्याला गंडवल्याचं समाधान घेऊन घरी जाता येतं. पण माझी तीन डावी हँडलं कुणी घेत नाही. चाचांचा सिद्धांत असा की टॅक्सीत उतारू डावीकडून चढतो-उतरतो, दार आपटतो, हँडलाची वाट लावतो. म्हणून डाव्याचा तुटवडा, म्हणून डाव्याला भाव. हा सिद्धांत ऐकून मी डावी जमवत गेलो. तो इतरांनाही सांगितलेला होता. आज मुंबई-पुण्यातल्या समस्त संग्राहकांकडे डावी हँडलं आहेत आणि उजवं कुणापाशीच नाही.

सरकारनेही 2021 पासून आमची दखल घेतली आहे. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. अट अशी की ती रोज चालवायची नाही. ही अट मी कायदा होण्याच्या आधीपासून काटेकोरपणे पाळतोय.

मध्यंतरी बायको एकदा माझ्याबरोबर मटण स्ट्रीटला आली. पर्समध्ये लोहचुंबक आणि छोटा वजनकाटा. मी कंदिलाकडे वळेपर्यंत तिने चाचांसमोरच्या टेललॅम्पच्या रिंगा काट्यावर टाकल्या होत्या. एकीला चुंबक चिकटला. "हा पत्रा आहे. ही दुसरी जस्ताची ओतीव, खालून फोड आलेत, वरून निकल मारलंय. दोन्हीला एकच भाव कसा?" चाचा मला दबक्या आवाजात म्हणाले, "भाभी को समझाओ, ये सोना नहीं है." तिने ऐकलं. "तेच तर मी यांना समजावते आहे," ती म्हणाली आणि काटा मिटला. चाचांनी तिच्यासाठी चहा मागवला. मला आजवर तिथे पाणीही कुणी विचारलं नव्हतं.

मग गेल्या पावसाळ्यानंतर एका सिनेमाच्या कलाविभागातल्या मुलाचा फोन आला. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, टॅक्सीच्या आतला सेट बांधायचाय. स्टीअरिंग, मीटर, हँडलं भाड्याने मिळतील का? मी भारावून "अहो, असेच न्या" म्हणणार, एवढ्यात फोन माझ्या हातून गेला. तिने कागद घेतला, रकाने पाडले: वस्तू, स्थिती, रोजचं भाडं, अनामत, नुकसानभरपाई. पलीकडून तो बिचारा म्हणत असावा की मॅडम, एवढी अनामत, हे तर भंगारात...

"भंगाराचा भाव मला सांगू नका," ती म्हणाली. "कंपनी फिटिंग आहे. निकल मूळचं आहे. अशी घडण आता कोण करतं?"

मी खुर्चीत सावरून बसलो. ती लिहीत गेली. मग मधेच थांबली आणि फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळली.

"अहो, त्यांना दोन्ही दारं दाखवायचीत. उजव्या बाजूचं हँडल लागेल."

"ते कुणाकडेच नाही."

"चाचांकडे असेल. त्यांनी सगळ्यांना डाव्याच्या नादी लावलं, म्हणजे उजवी त्यांनी दाबून ठेवली असणार. उद्या पहाटे जा आणि घेऊन या," ती म्हणाली. "आणि उगाच कंदिलाचा भाव विचारत बसू नका."