पानाची मागची बाजू

मोखाड्याहून जव्हारकडे येणाऱ्या रस्त्याच्या कडेला गाडी उभी आणि शेजारी एक पोक्त गृहस्थ ओणवे, असं दृश्य दिसलं की लोक दोनच अंदाज बांधतात. एक तर टायर बसलं, नाहीतर पोट बिघडलं. हा माणूस घाणेरीच्या पानाच्या मागच्या बाजूचा फोटो काढत असेल, अशी शंका अजून तरी कोणाला आलेली नाही. दोन भल्या माणसांनी मला पाना देऊ केला आहे आणि एकाने ओआरएसची पुडी.

निवृत्तीनंतर लोक भजनी मंडळात जातात, मी ठाण्यातल्या एका निसर्गगटात शिरलो. बाहेरून आलेली आणि इथलं रान व्यापत चाललेली झाडंझुडपं कुठवर पोचली, याची नोंद आमचा गट करतो. झाड दिसलं की फोटो काढायचा, ठिकाण आणि तारीख लिहायची, गटावर टाकायचा. इतकं सोपं काम. पण गटावर वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणतात. सर फोटोचं कौतुक करत नाहीत, त्याची उलटतपासणी घेतात. जव्हारच्या सनसेट पॉइंटवर, मावळतीच्या उजेडात न्हालेल्या घाणेरीच्या गुच्छाचा फोटो एका वहिनींनी टाकला. गटावर बदामांचा आणि जोडलेल्या हातांचा पाऊस पडला. सरांनी लिहिलं, ‘खोड?’

आपल्याला सवय लग्नाच्या अल्बमची. मान जराशी तिरपी, मागे सगळं धूसर, मुद्रा प्रसन्न. ओळख पटवायला मात्र फोटो लागतो तो पोलीस ठाण्यातला: समोरून, बाजूने, उंचीच्या पट्टीसकट आणि कसलंही लाडकौतुक न करता. घाणेरीचं खोड चौकोनी, त्यावर बारीक आकडेदार काटे. पानं समोरासमोर, कडा दातेरी, हात फिरवला तर खरखरीत. एकाच गुच्छात नवी फुलं पिवळी आणि जुनी गुलाबी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही बाई शोभेची म्हणून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली, आणि शोभेची म्हणून आलेल्या पाहुण्याने सगळं घर बळकावलं. अशा पाहुण्याचा फोटो काढताना ‘स्माइल प्लीज’ कशाला?

फोनचा मात्र स्वभावच गोड. पोर्ट्रेट मोड लावला की पार्श्वभूमीबरोबर पानाचे दातेही धूसर. सौंदर्य वाढवणारं बटण चुकून चालू राहिलं की पानावरची लव गुळगुळीत. आता ओसाडीच्या दोन जाती घ्या. दोन्ही अमेरिकेकडच्या, दोन्हींची फुलं निळसर. फरक फुलोऱ्याखालच्या हिरव्या छदांचा: एकीचे जवळजवळ गुळगुळीत, दुसरीचे चिकट केसांनी भरलेले. माझा फोन दोघींनाही ब्युटी पार्लरमधून काढून आणतो. मग सर विचारतात, ‘केस?’ हा प्रश्न माझ्या डोक्याकडे पाहून विचारल्यासारखा मला उगाच झोंबतो.

उपाय आहेत. झाडामागे काळी छत्री धरायची, म्हणजे फोन समोरचा डोंगर न टिपता फूल टिपतो आणि ऊन असेल तर सावलीही मिळते. छत्री धरायचं काम सौभाग्यवतींकडे. मापासाठी शेजारी रुपयाचं नाणं ठेवायचं. (ते गवतात हरवतं. पाड्यावरची पोरं ते शोधून देतात आणि पुढे काय होणार ते दोन्ही पक्षांना माहीत असतं.) दाभोसा धबधब्यापाशी सगळं जग पाण्याकडे तोंड करून फोटो काढत होतं आणि आम्ही दोघं धबधब्याकडे पाठ करून रानतुळशीपुढे बसलो होतो. येणारे-जाणारे तुळस समजून आदराने वळसा घालत होते. एका आजोबांनी हातही जोडले. वास्तविक तुळशीच्या मंजिऱ्या शेंड्याला लागतात. हिची जांभळट फुलं पानांच्या बगलेत, आणि पुष्पकोशाला पाच टोकदार सुया. त्या सुया बाजूनेच दिसतात, म्हणून मी जमिनीला गाल टेकला होता.

“अहो, माझा फोटो इतक्या जवळून कधी काढला नाहीत,” छत्रीमागून आवाज आला.

“तुझी ओळख पटवायची नाहीये,” मी म्हणालो. परतीच्या प्रवासात छत्री मीच धरली.

ओळख पटवायचा हट्ट कशासाठी, ते मोखाड्याच्या एका उतारावर कळलं. दसऱ्यानंतरचे दिवस. वरच्या अंगाला पिवळंधमक काहीतरी फुललेलं, आणि गटातला एक तरुण ‘कॉसमॉस! उपटा!’ म्हणून धावला. तिथे काम करणाऱ्या मावशी शांतपणे म्हणाल्या, “भाऊ, खुरासणी आहे ती. तेल निघतं तिचं.” लांबून दोन्ही पिवळ्या. जवळून पाहिलं तर कॉसमॉसची पानं चिरलेली, खुरासणीची अखंड. खुरासणीही मूळची इथिओपियाची. शेजारची नागली आफ्रिकेची आणि मावशींच्या डब्यातली मिरची अमेरिकेची. पण ही मंडळी पेरली तिथे उगवतात आणि कापली की जातात. परका असणं हा गुन्हा नव्हे. गुन्हा आहे पाय पसरण्याचा, आणि आरोपी निश्चित करायचा तर पानासकट फोटो हवा.

मावशींना फोटोची गरज नव्हती. मी घाणेरीपुढे वाकलो तेव्हा त्यांनी एक पान तोडलं, चुरगळलं आणि माझ्या नाकाशी धरलं. “याचा फोटो कशाला? गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत.” घाणेरी, रानतुळस, रानमोडी, तिघींची पक्की खूण म्हणजे चुरगळलेल्या पानाचा उग्र दर्प, आणि बारा मेगापिक्सेलच्या भिंगाला नाक नाही. हे मी सरांना कळवलं. सर पहिल्यांदाच दोन वाक्यं बोलले: “थिओडोर कूकने मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ मध्ये काढला. त्याच्याकडे फोन नव्हता, म्हणून त्याने नीट पाहिलं.”

त्यानंतर मी नीट पाहू लागलो. मागच्या खेपेला रानमोडीच्या एका पानाचा फोटो काढला. मागची बाजू, देठापासून निघणाऱ्या तीन ठळक शिरा, मागे काळी छत्री, शेजारी नाणं, कोपऱ्यात माझा अंगठा. ना उजेड सोनेरी, ना फूल. सरांनी लिहिलं, ‘उत्तम.’ आनंदाच्या भरात तोच फोटो मी घरच्या गटावरही टाकला. बराच वेळ सामसूम होती. मग धाकट्या बहिणीचं उत्तर आलं: “दादा, दिवाळीला तुला नवा फोन घेऊ या.”