बोनेटखालचा ज्योतिषी

शेजारच्या भाऊंनी गाडीचे बिघाड सांगणारा कोड रीडर घेतल्यापासून अमरावतीतल्या आमच्या गल्लीत मिस्त्रीचं नाव कोणी काढत नाही. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटात भाऊ यंत्र खुपसतात आणि कुंडली वाचल्यासारखा चेहरा करतात. परवा ‘पी०१७१’ निघाला, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. भाऊंनी तडक ऑक्सिजन सेन्सर बदलला. बिचारा खरं बोलत होता, म्हणूनच गेला. दोन दिवसांत कोड पुन्हा हजर! शेवटी बडनेरा रोडवरच्या मिस्त्रीनं चालू इंजिनाला कान लावला आणि उन्हानं तडकलेला व्हॅक्यूमचा रबरी पाइप दाखवला.

“काहून भाऊ, यंत्रानं हे नाही सांगतलं?”

पाइप बदलल्यावर भाऊंनी कोड पुसला, डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा विझला. श्रेय यंत्राला, मिस्त्रीला दीडशे रुपये, तेही घासाघीस करून.